तूच तेका इचार

काशीबाईचा अंगठा तिसऱ्यांदा यंत्रावर टेकवून नम्रता पडद्यावरच्या हिरव्या खुणेची वाट पाहत होती, तेव्हा दुकानाच्या दाराशी रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमधून तिचा बाप बोलला. ‘माझा चेडू घराक इला हा,’ बाप म्हणाला. ‘बोलना नाय, जेवना नाय. काय झाला ता माका सांगना नाय. ता तूच तेका इचार रे म्हाराजा.’ त्यावर पंधरावीस माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, मागून कुणीतरी नंतर चिकटवलेली ढोलकी वाजली, आणि पडद्यावर बहुधा काहीतरी गमतीचं घडलं असावं, कारण मोबाइलवाला हसला. मग त्याचं बोट वर सरकलं आणि बापाच्या जागी तळलेल्या बांगड्याची कृती सुरू झाली. आवाज कुणाचा, हे कळायला नम्रताला क्षणही लागला नाही. कळल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की काशीबाईचा अंगठा ओल्या फडक्याने पुन्हा एकदा पुसून घेतला. काशीबाई वर्षाचा हयातीचा दाखला काढायला आली होती. उभा जन्म काजूबिया फोडून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा तेलाने खाऊन टाकल्या होत्या आणि ती जिवंत आहे हे यंत्र काही केल्या मान्य करत नव्हतं. ‘मी जिती आसंय म्हणान तेका सांग गो बाय,’ काशीबाई म्हणाली. नम्रताने तिचा डावा अंगठा लावून पाहिला, मग मधलं बोट. मधल्या बोटाला यंत्र राजी झालं.

दुकान महादूचं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं, एका खोलीचं. महादूची एक खोड अशी, की धंदा बदलला तरी तो जुना फलक काढत नसे, त्याच्यावरच नवा ठोकत असे. सगळ्यांत तळाला एसटीडीचा पिवळा पत्रा, त्यावर झेरॉक्स, त्यावर सायबर कॅफे, आणि आता सगळ्यांत वर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. पावसाळ्यात वरच्या फलकाचा कोपरा सुटला की खालचा पिवळा रंग डोकावायचा. आतली टेलिफोनची काचेची केबिनही त्याने मोडली नव्हती, तिच्यात आता लॅमिनेशनचं यंत्र आणि कागदाचे गठ्ठे होते. नम्रता सात-आठ वर्षांची असताना सोमवारच्या बाजाराला बापाबरोबर यायची आणि बाजार झाला की बाप ह्या केबिनमधून मुंबईच्या काकाला फोन लावायचा. आत जाण्यापूर्वी तो चपला बाहेर काढून ठेवी. महादू त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायचा, पण बापाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नसे. जो समोर दिसत नाही त्याच्याशी बोलायचं, तर पायांत चपला ठेवून कसं बोलणार, असा त्याचा सरळ हिशेब. नम्रता बाहेर मासळीची पिशवी धरून उभी राही आणि काचेपलीकडे बापाचं तोंड हलताना बघत बसे. शब्द ऐकू येत नसत. बाप ताठ उभा, मान किंचित खाली, मोकळा हात पोटाशी. देवळात गाऱ्हाणं घालताना उभा राही तसाच. काका पलीकडून काय म्हणतो ते तिला कधी कळलं नाही, पण तो अधूनमधून व्हय म्हाराजा म्हणत असणार अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे कधीपासून होता हे तिच्या बापाला, सत्यवानलाही नीट सांगता आलं नसतं. गावात दसरा असो, जत्रा असो, कुणाचं नवस फेडणं असो, रवळनाथासमोर नारळ ठेवून उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीने बोलायचं ते सत्यवानने. त्यात लपवाछपवी चालत नाही. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा परीक्षेत अडकला, कुणाच्या भावाभावांत वाडीवरून वाजलं, हे नावानिशी आणि कोरडेपणाने सांगायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. एरवी चारचौघांत ज्या गोष्टींची कुणी ताकास तूर लागू देत नाही, त्या देवासमोर मोठ्याने बोलल्या जात, आणि नारळ फुटला की देवळातच राहत. बाहेर आल्यावर कुणी त्यांचा विषय काढत नसे. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो होता. नम्रता दसऱ्याला देवळात गेली नव्हती. वैशाखात पुण्याहून एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन ती परत आली त्यानंतर ती कुठेच गेली नव्हती, फक्त सकाळच्या एसटीने महादूच्या दुकानात आणि संध्याकाळच्या एसटीने घरी. तिच्या मागे बापाने देवाला काय सांगितलं, हे तिला आत्ता, कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, परक्याच्या मोबाइलवरून कळत होतं.

दुपारी महादू जेवायला गेला तेव्हा तिने केबिनमध्ये बसून, कानांत इअरफोन घालून, ते शोधलं. शोधावं लागलं नाही, ते वाटच पाहत होतं. एका बाईचं मांजर दुधाच्या वाटीकडे पाठ करून बसलेलं आणि खाली बापाचा आवाज. एक धुण्याचं यंत्र मधेच बंद पडलेलं, त्याच्यापुढे हात जोडलेला नवरा. रुसलेलं पोर. भरसमुद्रात बंद पडलेलं इंजिन. कुणा हापिसातला संगणक. नागपूरकडची एक मुलगी ओठ हलवून सत्यवानचे शब्द म्हणत होती, त्यातल्या ‘चेडू’ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं आणि तसं तिने खाली लिहिलंही होतं. खाली शेकडो माणसांनी व्हय म्हाराजा लिहिलं होतं. नम्रता सगळं सारख्याच नजरेने पाहत गेली. तिच्या लक्षात आलं ते हे, की सगळ्यांना हे वाक्य चपखल बसतं त्याचं कारण ‘ता’. मालवणीत लग्न न झालेली मुलगी चेडू असते आणि चेडू नपुंसकलिंगी. ता इला, ता गेला, ता रडता. म्हणून त्या वाक्यात मांजर बसतं, पोर बसतं, यंत्रही बसतं. तिचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बापाने तिच्या नवऱ्याला, दीपेशला फोनवर विचारलं होतं, ‘ती बरी आसा मां?’ तेव्हा तिला जरा हसू आलं होतं आणि जरा दुखलंही होतं, एका रात्रीत आपण ‘ती’ झालो म्हणून. चार वर्षं ती ‘ती’ होती. वैशाखात ती अंगणात बॅग घेऊन उभी राहिली तेव्हा बापाने पडवीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, ‘ता इला.’ त्यापलीकडे तो काही बोलला नाही, विचारलं तर नाहीच. विचारणं हे आईचं खातं होतं, आणि आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्याच दुपारी दीपेशचा निरोप आला. त्यानेही तेच पाठवलं होतं, मांजराचं. खाली शुद्ध मराठीत लिहिलं होतं, ‘बाबांचा आवाज ना? भारी. सहा महिने मीही हेच विचारतोय.’ त्यात खोटं काही नव्हतं. दीपेशने विचारलं होतं, अनेकदा, न चिडता, वकील न लावता. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, सासूच्या आजारात रजा काढून आला होता. म्हणूनच तर तिच्या तोंडाला कुलूप बसलं होतं. जे घडलं ते सांगायला जावं तर एका ओळीत संपायचं, आणि ती ओळ ऐकून समोरचा हसला असता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कबुतरं येत. कुठून येतात ते कळावं म्हणून दीपेशने स्वयंपाकघरात अंड्याएवढा पांढरा कॅमेरा बसवला. कबुतरांचा मार्ग आठवड्यात सापडला, जाळी लागली, कबुतरं बंद झाली. कॅमेरा राहिला. एक दिवस ती भांडी घासत असताना कॅमेरा म्हणाला, ‘नम्रता, दूध.’ दूध खरोखरच उतू चाललं होतं. ती दचकली, मग हसली. दीपेश हापिसात बसून मोबाइलवर तिला बघत होता, आणि तिला ते प्रेमच वाटलं. तिने मैत्रिणीला कौतुकाने सांगितलंही. मग कॅमेरा अधूनमधून बोलायला लागला. उजवी शेगडी चालू राहिली आहे. आज जेवायला उशीर केलास. कुणाशी बोलत होतीस, हसत होतीस? सगळं मवाळ आवाजात, काळजीने. तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते तिला आठवत नव्हतं. नंतर कधीतरी आपण चावताना तोंड मिटून, चित्रातल्यासारखं चावतो हे तिच्या ध्यानात आलं. फ्रीजच्या डाव्या अंगाला दोन लाद्यांएवढी जागा अशी होती, की तिथे कॅमेऱ्याचा डोळा पोचत नसे. ती तिथे उभी राहून जेवू लागली. ताटली हातात, पाठ भिंतीला. वैशाखातल्या एका दुपारी ती तिथे उभी असताना पलीकडून आवाज आला, ‘नम्रता, दिसत नाहीयेस.’ रागाने नव्हे. नुसता. तिने हातातला घास संपवला, ताटली धुतली, पालथी घातली आणि बॅग भरायला घेतली.

तेव्हा हे असं होतं. एका घरात तिला सतत पाहिलं जात होतं म्हणून ती निघाली, आणि जिथे आली तिथे तिला न विचारता तिचं मौनच उचलून जगभर वाटलं गेलं. बापाला दोष द्यावा तर त्याच्या खिशात बटणांचा फोन, तोही अर्धा वेळ बंद. तरीही राग बापाचाच आला. हजारो लोकांना हसवण्याआधी एकदा, पडवीत, चहा पिताना, त्याने आपल्याला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आता तर जत्रा बारा दिवसांवर आली होती. गावातल्या ग्रूपवर रोज नवा निरोप पडत होता: यंदा मालवणहून, कुडाळहून माणसं येणार, देवबागला उतरलेले पाहुणे येणार, सगळ्यांना सत्यवानदादांचं ‘ता’ गाऱ्हाणं ऐकायचंय. नम्रताने मनाशी शांतपणे ठरवून टाकलं. बापाने जत्रेत ते वाक्य पुन्हा म्हटलं, तिच्यासमोर, वर केलेल्या मोबाइलांसमोर, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघायचं. कुठे, ते बसमध्ये बसून बघता येईल. लॅपटॉप कुठेही चालतो. पण हे तिने बापाला सांगितलं नाही. म्हणू नका, अशी नुसती विनंती करायची तरी का, ते सांगावं लागलं असतं.

दोनतीन दिवसांनी संध्याकाळी बाप आपण होऊनच बोलला. ती भाताचं आधण ठेवत होती, तो उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होता. त्याच्या कानावर आलं होतं, की त्याचा आवाज मोबाइलात फिरतोय. त्याने फक्त इतकंच म्हटलं, की तिच्याकडे असेल तर ऐकव. तिने आधणावर झाकण ठेवलं. मग तिने मांजराचं नाही, मूळचं लावलं, देवबागच्या कौस्तुभने टाकलेलं. कौस्तुभ तिचा चुलतभाऊ, खाडीकाठी त्याचं पाहुण्यांसाठीचं घर, आणि त्या घराच्या जाहिरातीसाठी तो गावातलं काही ना काही सतत टाकत असे. मोबाइल तिने उंबऱ्यावर ठेवला. बापाने तो हातात घेतला नाही. चपला पायांत नव्हत्याच, तरी त्याने पाय जवळ ओढून घेतले. स्वतःचा आवाज त्याने मान किंचित खाली घालून ऐकला, आणि संपल्यावर परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ‘माका सांगना नाय’च्या पुढे त्याची मान वर झाली, पायरी चुकल्यासारखी. नम्रता त्याच्याकडे बघत होती. आता हा काहीतरी बोलेल, चुकलं म्हणेल, नाहीतर हसेल, असं तिला वाटत होतं, आणि ह्यांतलं काहीही झालं असतं तरी ती ओरडली असती. बाप म्हणाला, ‘मधला कापल्यानी.’ मधलं म्हणजे काय, तिने विचारलं. तोवर तो उठला होता आणि गोठ्याचं बेडं लावायला निघाला होता. भात लागला. दोघांनी तो तसाच खाल्ला.

‘मधला’ हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने दोघांच्या फॉर्मवर जन्मतारखा उलट्यापालट्या भरल्या, तेव्हा महादूनेच तिला घरी जायला सांगितलं. ती घरी न जाता देवबागच्या बसमध्ये बसली. तारकर्लीच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मध्ये माडांच्या दोनचार रांगा आणि त्यांत घरं. पूर्वी ह्या घरांच्या भिंतींवर नावं असत, आता नावाखाली नंबर आणि नंबराखाली तारे काढलेले. तिच्या लहानपणी इथे कौस्तुभच्या घरी आलं की बायका अंगणात जाळी विणत बसलेल्या असत आणि आल्यागेल्याला हटकून विचारत, कुणाचं गो चेडू तू? आता त्याच अंगणात झुला होता, त्यावर ‘इथे फोटो काढा’ अशी पाटी होती, आणि नम्रताला कुणी काही विचारलं नाही. कौस्तुभ तिला बघून मनापासून खूष झाला. त्याने तिला सरबत दिलं. काकांनी गावाचं नाव केलं म्हणाला, येत्या आठवड्यातल्या त्याच्या सगळ्या खोल्या जत्रेमुळे भरल्या म्हणाला. आपल्या चुलतबहिणीचं त्यात काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तिने आठवण करून दिल्यावर त्याचा चेहरा खरोखरच पडला. त्यात नाव नाही, असं तो दोनदा म्हणाला. नाव असतं तर त्याने ते नक्की काढून टाकलं असतं. तिने मूळची, न कापलेली चित्रफीत मागितली. मधलं का काढलं, असं विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘थंय जरा रडका होता गो. लोक थांबनत नाय. तीन सेकंदात माणूस फुडे जाता.’

तिने ती खाडीच्या धक्क्यावर बसून ऐकली. समोर पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या बोटी फटफटत होत्या, म्हणून मोबाइल कानाला अगदी टेलिफोनसारखा लावावा लागला. आधी दसऱ्याचं नेहमीचं, गावाची राखण, पेरलेल्याची, दर्यावर गेलेल्यांची. मग बाप थोडा थांबला. ‘माझा चेडू घराक इला हा. बोलना नाय, जेवना नाय. काय झाला ता माका सांगना नाय.’ व्हय म्हाराजा. आणि मग ते मधलं, तिच्या आईचं. ‘तेची आवस आसती तर तिना इचारल्यान आसता. माका इचारूची छाती नाय रे म्हाराजा.’ इथे लोक होकार भरायचे चुकले. एकदोघांनीच कसंबसं व्हय म्हटलं, कुणीतरी खाकरलं. कारण गाऱ्हाण्यात दुसऱ्याचं सांगतात, घालणारा स्वतःचं सांगत नाही. मग सत्यवानने आवाज उचलला आणि ते जगजाहीर वाक्य म्हटलं, आणि सुटल्यासारखे सगळे एकदम ओरडले, व्हय म्हाराजा. नम्रताने मोबाइल कानापासून काढला नाही. बोटींचा आवाज येत राहिला. तिला रडू आलं नाही. तिने ते मधलं पुन्हा एकदा लावलं. उन्हं उतरली तेव्हा ती कौस्तुभकडे गेली आणि ते काढून टाक म्हणाली. त्याने तिच्यासमोर काढून टाकलं. मग अपराधी तोंडाने सांगितलं, की त्याच्याकडचं गेलं, पण मांजराचं, यंत्राचं, नागपूरचं, ती आता त्याची नाहीत. ती कुणाचीच नाहीत. नम्रताला हे माहीत होतंच.

जत्रेच्या दिवशी ती गेली. हिरवी साडी नेसून, ओटीचं ताट घेऊन, आईच्या जागी. देवळाबाहेर खाज्याची आणि मालवणी मसाल्याची दुकानं लागली होती, फुग्यांच्या गाडीवर भोंगा वाजत होता. सभामंडपात गर्दी दाटली होती आणि त्यांतले अर्धे चेहरे गावाला अनोळखी होते. बायकांच्या रांगेत कुणीतरी तिला पुढे सरकवलं, कुणीतरी तिच्याकडे पाहून शेजारणीच्या कानाला लागलं. गावाला सगळं माहीत होतं. कदाचित नेहमीच माहीत असतं, फक्त कुणी बोलत नसतं. दुपार टळायच्या सुमाराला बाप उभा राहिला. धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. पुढ्यात नारळ. आणि त्याच क्षणी मंडपात सगळीकडून हात वर झाले, हातांत मोबाइल. नम्रताला पाठीला फ्रीजशेजारची भिंत जाणवली, गार आणि गुळगुळीत. तिथे भिंत नव्हती, तिच्या मागे बायका होत्या. पण तिने डोळ्यांनी अंदाज घेतला, की ह्या सगळ्या पडद्यांत आपण न दिसू अशी जागा कुठली. खांबाच्या उजवीकडे, दोन लाद्यांएवढी. ती तिकडे सरकली नाही. आहे तिथे उभी राहिली, ताट घट्ट धरून.

सत्यवानने सुरुवात केली. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवांना बोलावलं. आवाज तोच, कोरडा, किंचित नाकातला, घाई नसलेला. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाच्या आजाऱ्याला उतार. आंबोलीकडे दिलेल्या मुलीचं सासर सुधारू दे. जाळ्याला मासळी मिळू दे, मुंबईकरांना गावाची वाट आठवू दे. लोक होकार भरत होते, पाहुणेही भरत होते, जरा जास्तच मोठ्याने, चित्रपटगृहात ओळखीचा संवाद आल्यासारखे. प्रत्येक वाक्यानंतर नम्रताला वाटत होतं, आता. बाप थांबला. मोबाइल आणखी वर झाले. तो थांबला तो नेहमीपेक्षा जास्त थांबला, आणि मागून कुणीतरी, गावचाच कुणी, प्रेमाने म्हणालं, ‘दादा, चेडवाचा रवला.’ थोडं हसू झालं. सत्यवानने मागे वळून पाहिलं. गाऱ्हाणं घालताना मागे पाहायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याची नजर मोबाइलांवरून फिरली, बायकांच्या रांगेपाशी आली, तिच्यावर क्षणभर टेकली आणि परत देवाकडे गेली. ‘ता देवाक एकदा सांगून झाला,’ तो म्हणाला. ‘देव काय भयरो नाय.’ आणि त्याने नारळ फोडला.

देव बहिरा नाही, यावर व्हय म्हाराजा म्हणायचं की नाही ते कुणालाच कळलं नाही. गर्दीतले हात एकेक करून खाली आले. कुणी म्हणालं, म्हातारा आता भाव खायला लागला. कौस्तुभचे पाहुणे पालखीपर्यंत थांबावं की परतावं याची चर्चा करू लागले. नम्रताने ओटी भरली, प्रसाद घेतला, आणि घराकडे निघताना पाहिलं तर बाप चपला हातात घेऊन पायऱ्यांशी उभा होता. वाट पाहतोय असं दाखवत नव्हता. दोघं मळ्याच्या वाटेला लागली. भाताची कापणी झालेली, चौकोनांत नुसते खुंट उभे, बांधावरून एकावेळी एकानेच चालायचं. बाप पुढे, ती मागे. भोंग्याचा आवाज पाठीमागे बारीक होत गेला. देवळात गप्प राहून बाप आज तिच्यासाठी जे करू शकत होता ते सगळं करून बसला होता, आणि पुढचं त्याला जमणार नव्हतं, हे तिला त्याच्या पाठीकडे बघून कळलं. छाती नाही. तिला एकाएकी त्याची माया आली, इतकी, की तिला स्वतःचीच चीड आली. शहरातल्या मराठीत तिने मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. त्या मराठीत दीपेश बोलत होता, वाक्य तिथेच अडकलं. मग तिने जुळवायचं सोडून दिलं.

‘बाबा,’ ती म्हणाली. ‘थंय सैपाकघरात एक कॅमेरो होतो.’

बाप चालत राहिला. मागे वळला नाही. दोनतीन पावलं गेली.

‘व्हय,’ तो म्हणाला.

‘तेच्यातसून ते माका बघत रवायचे. हापिसात बसान.’

‘व्हय.’

‘मारूक नाय कधी. वायट बोलाक नाय.’

‘व्हय.’ आवाज तोच होता, कोरडा, नाकातला, पण आता तो गाऱ्हाणं घालणाऱ्याचा नव्हता, मागे उभं राहून होकार भरणाऱ्यांचा होता. ती सांगत गेली. कबुतरांचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. सांगताना ते तिला वाटलं होतं तितकं छोटं निघालं नाही, हसण्यासारखं तर नाहीच. दर वाक्याच्या शेवटी बापाचा होकार येत होता, आणि तो आला की पुढचं वाक्य सुटत होतं.

‘फ्रीजच्या बाजूक दोन लाद्यो होत्यो,’ ती म्हणाली. ‘थंय मी दिसत नाय होतंय. थंय उभी रवान मी जेवायचंय.’

ह्या वेळी व्हय आलं नाही. बाप बांधाच्या मध्यावर थांबला, म्हणून तिलाही थांबावं लागलं. हातातल्या चपला त्याने खाली ठेवल्या, एकीशेजारी एक, आणि तो तिच्याकडे वळला. त्याचा खालचा ओठ हलत होता, आवाज येत नव्हता, काचेपलीकडे हलायचा तसा. मग आवाज आला.

‘मगे?’ त्याने विचारलं.